डबल बेलशिवाय गाडी हलत नाही

नवी पेठेतल्या त्या कंप्युटरच्या दुकानात सत्तरी ओलांडलेला माणूस शिरला, की काम दोनपैकी एकच असतं. मोबाईलला चार्जर हवा असतो, नाहीतर शेजारच्या औषधाच्या दुकानाऐवजी चुकून इकडं पाय वळलेला असतो. म्हणून काउंटरवरच्या हेमावतीनं आप्पांना बघितल्याबरोबर, काही न विचारताच, चार्जरचा खोका पुढं ओढला.

“चार्जर नको,” आप्पा म्हणाले. “गेम खेळायचा कंप्युटर बांधायचाय.”

“नातवाला का, आजोबा?”

“न्हाय. मला.”

हेमावती तिशीतली बाई. घर तेलुगू विणकरांचं, पण हिचा हात मागाऐवजी स्क्रूड्रायव्हरवर बसला. तो स्क्रूड्रायव्हर ती अंबाड्यात खोचून ठेवायची, इतर बायका फूल खोचतात तसा. आप्पांचं उत्तर ऐकून तिनं तो उपसला, परत खोचला आणि म्हणाली, “बसा की.”

आप्पा बाकड्यावर बसले. तिथून ही गोष्ट सुरू होते. पण आप्पा कोण, हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर हा माणूस कंप्युटरच्या दुकानात क्लच का मागत होता ते कळायचं नाही.

आप्पांचं खरं नाव नारायण. गाव मैंदर्गी. शाळा सातवीपर्यंत मराठीत, गल्ली कन्नडमध्ये, आणि पुढं एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागल्यावर डेपोत जी भाषा चालेल ती. सोलापूरहून अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला मुक्कामी जाणारी वस्तीची गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली, की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा त्यांचा हॉर्न ओळखायच्या असं ते सांगत. म्हशी बाजूला होत का, असं कुणी विचारलं तर म्हणत, “ओळखत हुत्या म्हणालो. ऐकत हुत्या असं कुटं म्हणालो?”

गाडीवर कंडक्टर नागप्पा. एस.टी.चा कारभार साधा असतो. एक बेल, थांबा. दोन बेल, चला. मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. म्हातारी अजून एक पाय खाली ठेवून उभी आहे का, पोतं चढलं का, हे सगळं कंडक्टरच्या डोळ्यांनी बघायचं आणि बेलमधून ऐकायचं. आप्पांचा पाय डबल बेल ऐकल्याशिवाय क्लचवरून कधी उठला नाही. रिकामी गाडी डेपोत लावायची असली तरी ते नागप्पाला म्हणायचे, “बेल दे की.”

एकदा या दोघांचं वाजलं. कारण शेंगाचटणी. नागप्पाच्या डब्यातली चटणी खाऊन आप्पा बोलून गेले, “वहिनींनी लसूण लांबनंच दाखवलेला दिसतोय.” एवढंच. पण नागप्पानं डबा झाकला आणि तोंडही. दिवाळीपासून होळीपर्यंत दोघं एका गाडीत बसून एक अक्षर बोलले नाहीत. बोलणं बंद, बेल मात्र चालू. आणि आप्पांना नुसत्या बेलवरून कळायचं. रागाची डबल बेल चटचट यायची, कानफटात मारल्यासारखी. नागप्पाच्या पोराला ताप होता त्या दिवशी दोन टोल्यांच्या मधे अंतर पडायचं. मग एका सकाळी अक्कलकोट सुटताना डबल बेल आली आणि मागोमाग एक तिसरी, हलकीच. तिसऱ्या बेलला त्या दोघांत काही अर्थ ठरलेला नव्हता. आप्पांनी मान वळवून बघितलं, तर नागप्पा डबा पुढं करून उभा. “आता बघ लसूण,” म्हणाला. तेवढ्यासाठी गाडी जरा उशिरा सुटली. प्रवाशांनी कुरकुर केली, तेव्हा दोघांनी त्यांनाही चटणी दिली.

असा हा माणूस. पुढं निवृत्त झाला, सोलापुरात मुलाकडं राहायला आला. डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टर म्हणाले आता गाडीला हात लावू नका, आणि लायसन कपाटात गेलं. पण वाईट वाटायला सवड मिळाली नाही. कारण घरात नात होती, श्रावणी.

श्रावणी शाळेतून आली की खाटेची एस.टी. व्हायची. उशाशी आप्पा, मांडीवर परातीचं स्टीअरिंग. पायथ्याशी श्रावणी, गळ्यात आज्जीचा बटवा. खिडकीच्या गजाला आप्पांनी सायकलची एक जुनी घंटी बांधली होती. पोरगी अंगठ्यानं दांडी ओढायची, टिंग टिंग, आणि खाट मैंदर्गीला निघायची. रंभाबाई, म्हणजे आप्पांची बायको, आतून ओरडायची, “परात द्या, कणीक मळायचीय.” तर आप्पा म्हणायचे, “गाडी विनाथांबा हाय.”

तीच श्रावणी बारावी होऊन इंजिनीअरिंगला गुवाहाटीला गेली. आप्पांनी नकाशात गुवाहाटी शोधलं आणि सोलापूरपासून तिथवर बोट फिरवत नेलं. नंतर म्हणाले, “तितं एस.टी. जात न्हाय.”

आता फोन. रोज संध्याकाळी आप्पा फोन लावायचे.

“जेवलीस का, शरू?”

“हं.”

“थंडी हाय का?”

“हं.”

“अभ्यास?”

“हं. ठेवते, आप्पा.”

फोन ठेवून आप्पा रंभाबाईला म्हणायचे, “सिंगल बेल.” जी पोरगी बोलायला लागली की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे, ती आता एका अक्षरात संपायची. आप्पांना कोडं पडलं. रागावली म्हणावं, तर भांडण नाही. विसरली म्हणावं, तर फोन पहिल्या रिंगला उचलते.

दिवाळीत ती आली, तेव्हा आप्पांनी एक गोष्ट बघितली. ती लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून मालट्रक चालवण्याचा कसला तरी खेळ खेळत होती. कुठल्या कुठल्या गावचे मित्र आपापल्या खोलीतून आपापली गाडी त्याच रस्त्यावर चालवत होते, आणि श्रावणी त्यांच्याशी घडाघडा बोलत होती. हसत होती. आप्पा मागं येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांना राहवलं नाही.

“चढाला गिअर उशिरा पाडतीयास.”

श्रावणीनं वळून बघितलं आणि अशी हसली, की आप्पांना खाटेवरची श्रावणी दिसली. सुट्टी संपली, ती गेली. ती गेली आणि गजावरची घंटीही दिसेना. “भंगारवाल्याला दिलीस न्हवं?” आप्पांनी रंभाबाईला विचारलं. “मी कशाला देऊ?” ती म्हणाली. आप्पांचा विश्वास बसला नाही; या बाईनं एकदा त्यांचं चालतं घड्याळ भंगारात दिलं होतं.

माघात आप्पांची पंच्याहत्तरी होती. मुलगा प्रभु म्हणाला, हॉल घेऊ, गुळाची तुला करू, बुंदीचं जेवण घालू. आप्पा म्हणाले, “हॉल नको. त्या पैशात मला गेमचा कंप्युटर पायजे.” प्रभुनं बापाकडं बघितलं, मग आईकडं. रंभाबाई म्हणाली, “लोकं पंच्याहत्तरीला देवाचं नाव घेत्यात. आमचं खेळणं मागतंय.” शेवटी प्रभुनं आकडा सांगितला, पन्नास हजार, त्यापलीकडं नाही, आणि आप्पा नवी पेठेत दाखल झाले.

हेमावतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आजोबा, नात खेळते ना? मग तिलाच विचारा की कुठला प्रोसेसर घ्यायचा. मी दोन सांगते, सहा कोरचा आणि आठ कोरचा. ती सांगेल ते देते.”

त्या संध्याकाळी आप्पांनी जेवलीस का विचारलंच नाही. म्हणाले, “शरू, प्रोसेसर सहा कोरचा घ्यावा का आठ?”

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, “कुणाला?”

“मला. तुझ्यासंगं गाडी चालवायचीय.”

आणि धरण फुटावं तशी पोरगी बोलायला लागली. बजेट किती, स्क्रीन कुठली, दुकानदार कोण, वॉरंटी काय, जुनं ग्राफिक्स कार्ड कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आप्पांना त्यातलं निम्मं कळलं. पण ती मधे श्वास घ्यायला थांबायची तोही त्यांना गोड लागत होता. रंभाबाईची भाकरी तव्यावर करपली. ऐकत राहिली होती ती पण.

मग रोजच हे सुरू झालं. दिवसा आप्पा हेमावतीकडं जाऊन एकेका भागाची माहिती काढायचे, संध्याकाळी श्रावणीपुढं ठेवायचे. सगळं त्यांनी एस.टी.त बसवून घेतलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन. “सहा कोर म्हणजे सहा सिलेंडर. बास झालं, घाट कुटं चढायचाय?” मदरबोर्ड म्हणजे चासी. पॉवर सप्लाय म्हणजे डिझेलची टाकी, त्यात काटकसर करायची नाही, हे श्रावणीचं म्हणणं त्यांना एकदम पटलं. रॅमला मात्र ते अडले.

“सोळा जीबीची एकच पट्टी घिऊ की. आठ-आठच्या दोन कशाला?”

“दोन पट्ट्या मिळून काम करतात, आप्पा. एकटी असली की निम्मीच वाट उघडते. काम होतं, पण रखडत.”

आप्पांनी मान हलवली. म्हणाले, “व्हय. बरोबर हाय. दोन घिऊ.”

खरी लढाई झाली स्टीअरिंगवरून. श्रावणीचं म्हणणं, पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, गाडी कीबोर्डच्या बाणांवर चालवा. आप्पा म्हणाले, “बोटानं बटण दाबून गाडी? मी लिफ्टमन न्हवतो.” तेव्हा हेमावतीनं त्यांना एक स्वस्तातलं स्टीअरिंग दाखवलं. आप्पांनी फिरवलं. पाऊण चक्कर झाली आणि चाक अडलं.

“हे रिक्षाचं हाय का?”

“गेमला एवढंच पुरतं की, आजोबा.”

“तीन चकरा फिरवल्याबिगर एस.टी. वळत न्हाय, पोरी.” मग खाली वाकून पेडल बघितले. दोनच होते. “क्लच कुटाय?”

“क्लच नसतो यात.”

आप्पांनी ते खोकं दोन्ही हातांनी, आदरानं, परत केलं. हेमावतीला हसू आवरेना. ती आत गेली आणि माळ्यावरून एक वापरलेलं स्टीअरिंग काढून आणलं. कुणीतरी नोकरी लागल्यावर विकलेलं. चाक पुरतं फिरणारं, पेडल तीन, गिअरची दांडी वेगळी. आप्पांनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि दुकानाच्या बाहेर, रस्त्याकडं बघत बसले. हेमावतीनं त्यांना दोनदा चहा विचारला, ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही.

मग हिशेब असा बसला: स्टीअरिंग घ्यायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच्या पोटातच चित्रं काढायची सोय असलेला घ्यायचा, कार्डाची जागा पुढच्यासाठी रिकामी ठेवायची, आणि स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही. श्रावणी म्हणाली, “आप्पा, चित्र धूसर दिसेल हं. लांबचं नीट दिसणार नाही.”

“अक्कलकोट रोडला धुरळ्यात चालवलीय. लांबचं बगून कोण चालवतंय?”

झालं. सगळं ठरलं. राहिला फक्त कॅबिनेट, म्हणजे ज्याच्यात हे सगळं बसवायचं तो डबा. आणि इथं आप्पांची गाडी रुतली.

काचेचा ठरवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नको, रंभा फडकं घेऊन मागं लागंल. समोरून जाळीचा ठरवला. सोलापूरच्या उन्हाळ्याला वारा लागतोच, हेमावतीही तेच म्हणत होती. तर आप्पा म्हणाले, जाळीतनं पाल शिरंल. पाल शिरणार नाही एवढी बारीक जाळी हेमावतीनं दाखवली. तर रंग काळा. पंच्याहत्तरीला काळं कशाला? पांढरा आणला, तर मळंल. श्रावणी प्रत्येक वेळी नवा शोधायची, फोटो पाठवायची, समजावून सांगायची. आणि मधे मधे आता कॅबिनेट सोडून दुसरंही निघायचं. मेसच्या भाताला चव नाही, खोलीतली मुलगी आसामी आहे, ती चहात मीठ घालते. आप्पा म्हणायचे, “असं व्हय? बरं, आणि त्या डब्यातल्या पंख्याचं काय म्हणत हुतीस?”

एके दिवशी रंभाबाईनं ठरवलं, हा माणूस रोज जातो कुठं ते बघू. “चला, मी येते,” म्हणाली. आप्पांनी बरीच कारणं सांगितली. ती चप्पल घालून रिक्षात बसली सुद्धा.

हेमावतीनं तिला खुर्ची दिली आणि भोळेपणी बोलून गेली, “बरं झालं आलात, आजी. सगळं सामान कधीचं बांधून ठेवलंय बघा. कॅबिनेट पण ठरलाय, जाळीचाच. आजोबांना तोच आवडतो. रोज येतात, त्याच्यावरनं हात फिरवतात, चहा पितात, नि उद्या सांगतो म्हणतात. मला काय घाई नाही, पण माझा माळा भरलाय की.”

आप्पा शेजारच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचू लागले.

परतीच्या रिक्षात रंभाबाई एक शब्द बोलली नाही. आप्पांना दिवाळी ते होळी आठवली. संध्याकाळी फोन लागला, श्रावणी म्हणाली, “आप्पा, एक राखाडी रंगाचा बघितलाय…” आणि रंभाबाईनं फोन हातातून काढून घेतला.

“शरू, ऐक. तुजा आजा ढोंगी हाय. सगळं ठरलंय त्याचं. कंप्युटर झाला की तू बोलायची बंद हुशील म्हणून त्यो डब्याचं लांबवतोय. मी सांगते, ह्या वयात मला रोज पाल ऐकायला लागतीया.”

आप्पांनी डोक्याची टोपी काढली, परत घातली. फोनवर कुणीच बोलेना. रंभाबाईला वाटलं, कट झाला. तिनं फोन मधे ठेवला, आवाज मोठा केला.

मग श्रावणीचा आवाज आला, बारीक. “आप्पा, मी बोलायची बंद नव्हते झाले. तुम्ही जेवलीस का विचारता ना, ते ऐकलं की मला रडूच येतं. मग मी नुसतं हं म्हणते. एका अक्षरात रडू कळत नाही.”

आप्पांनी आयुष्यभर बेलच्या आवाजावरून माणूस ओळखला होता. दोन टोल्यांच्या मधलं अंतर ऐकून त्यांना नागप्पाच्या पोराचा ताप कळला होता. आणि हे ‘हं’ इतके महिने कानाशी वाजत होतं.

“प्रोसेसरचं विचारलं की रडू येत नाही,” श्रावणी म्हणाली.

“मग मी रोज तेच इचारतो,” आप्पा म्हणाले. “जेवलीस का हे तुजी आज्जी इचारंल.”

“मला बी रडू येतंय की,” रंभाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतूनच ओरडली, “जाळीचा घ्या त्यो. पाल आली तर मी बगते.”

रविवारी सकाळी हेमावती स्वतः घरी आली, अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन. टीव्हीपुढं चौरंग, चौरंगावर कॅबिनेट, खाटेच्या उशाशी स्टीअरिंग घट्ट आवळलेलं. प्रभु वायरी ओढत होता. रंभाबाईनं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, जाळीवर बेतानं, कारण हेमावतीनं आतल्या पंख्याची भीती घातली होती. मग एक लिंबू आणून क्लचच्या पेडलाखाली ठेवलं.

“आजी, ते काय करताय?”

“नवी गाडी लिंबावरनं गेल्याबिगर बाहीर काडायची न्हाय.”

हेमावती काही म्हणायच्या आत आप्पांनी क्लच दाबला. लिंबू फुटलं, बी उडून प्रभुच्या बनियनवर बसली. हेमावतीनं फडकं मागितलं आणि म्हणाली, तिच्या दुकानाच्या इतिहासात पेडलची वॉरंटी लिंबानं कधी गेलेली नाही, आता बघू.

बटण दाबलं. पंखे घुमले. टीव्हीवर चित्र आलं, थोडं धूसर, पण रस्ता होता, आणि रस्त्याच्या कडेला दोन गाड्या उभ्या होत्या. पुढची श्रावणीची, मागची आप्पांची. आप्पांनी हेडफोन चढवला. चावीचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज कानात भरला तसे ते ताठ बसले, आरसा बघितला, पहिला गिअर टाकला. डावा पाय क्लचवर.

आणि गाडी जागची हलेना.

“आजोबा, क्लच सोडा की,” हेमावती म्हणाली.

“आप्पा,” हेडफोनमधून श्रावणी, “ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“मग निघा.”

आप्पा नुसते समोर बघत बसले. त्यांना निघायचं होतं. पाय उठत नव्हता. काय झालं हे विचारायला प्रभुनं तोंड उघडलं, रंभाबाईनं त्याला हातानं गप्प केलं.

पलीकडं गुवाहाटीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खण उघडल्याचा. मग आप्पांच्या कानात वाजलं, टिंग टिंग. लोखंडी, किंचित घोगरं, गंजलेल्या दांडीचं. तोंडानं काढलेला आवाज नव्हता तो. गजावरची घंटी होती.

आप्पांचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी निघाली. ती रस्त्याला लागते न लागते तोच मागोमाग आणखी एकदा वाजलं, हलकेच, एकच टिंग.

आप्पांनी समोरचा रस्ता सोडला नाही. फक्त एका बाजूचा हेडफोन कानावरून सरकवून रंभाबाईला म्हणाले, “घंटी सापडली.”

“मग?” रंभाबाई म्हणाली. “मी भंगारात दिली न्हाय, म्हणत हुते की.”